चुंबक काढल्यावर सुरू होणारी शर्यत: स्लॉट कार रेसिंग शिकायचं कसं

स्लॉट कारला स्टिअरिंग नसतं. ट्रॅकवर एक खाच असते, गाडीच्या नाकाखालचं छोटं पातं त्या खाचेत बसतं आणि खाच नेईल तिकडे गाडी जाते. तुमच्या हातात फक्त एक ट्रिगर. दाबला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यात माणसानं करायचं काय उरलं? मग तो ट्रिगर पूर्ण दाबून धरतो आणि पहिल्याच वळणावर गाडी खाचेतून निसटून खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडते. सगळा खेळ वळणाच्या अलीकडच्या त्या क्षणात आहे: ट्रिगर कधी सोडायचा, किती सोडायचा, परत कधी दाबायचा. तो क्षण हातात यायला वर्षं लागतात. म्हणूनच इंग्लंड-जर्मनीत साठी ओलांडलेली माणसंही संध्याकाळी कामं आटोपून क्लबात याच्यासाठी जमतात.

हा लेख अगदी नवख्या माणसासाठी आहे. तो पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहत असेल किंवा बर्मिंगहॅममध्ये, पायऱ्या त्याच आहेत. माझं ठाम मत आधीच सांगतो. या छंदात बहुतेक जण पैसे उलट्या क्रमानं खर्च करतात. आधी लांबलचक ट्रॅक, मग डझनभर गाड्या, मग डिजिटल यंत्रणा, आणि गाडी नीट चालवायला शिकणं राहूनच जातं. छोटा ट्रॅक, दोन गाड्या आणि चांगली टायरं एवढ्यावर पहिलं वर्ष मजेत जातं, आणि शिकणं खऱ्या अर्थानं होतं ते गाडीखालचं चुंबक काढल्यावर. त्याकडे येतोच.

थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी पत्र्याच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या गाड्या बनवत असे. त्याच गाड्यांत विजेची मोटर बसवून त्यांनी जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्कॅलेक्सट्रिक लोकांपुढे मांडलं. तेव्हा ट्रॅक रबराचा होता आणि कंट्रोलर म्हणजे नुसतं चालू-बंद करायचं बटण. वेग कमी-जास्त करायची सोय नंतर आली. १९६३ मध्ये जर्मनीत कॅरेरा सुरू झालं. अमेरिकेत ऑरोरा कंपनीनं १९६० पासून बोटभर लांबीच्या गाड्या घरोघरी पोचवल्या, आणि त्या दशकाच्या मध्यावर तिथे आठ-आठ लेनचे मोठे सार्वजनिक ट्रॅक उभे राहिले. दशक संपेपर्यंत ती लाट ओसरली, पण छंद टिकला. स्कॅलेक्सट्रिक पुढे हॉर्नबी कंपनीकडे गेलं. स्कॅलेक्सट्रिक आणि कॅरेरा हीच नवशिक्यांच्या सेटची दोन मोठी नावं.

गाडी चालते कशी

हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या, म्हणजे रूळ, असतात आणि त्यांत साधारण १२ ते १५ व्होल्ट डीसी वीज खेळते. गाडीच्या पात्याला तांब्याच्या बारीक तारांच्या दोन विणलेल्या पट्ट्या लावलेल्या असतात (दुकानात त्यांना ब्रेड, इंग्रजीत braid, म्हणतात). त्या रुळांवर घासतात आणि वीज मोटरपर्यंत नेतात. मोटर गिअरमधून मागचा अ‍ॅक्सल फिरवते. एवढंच. कंट्रोलर मोटरकडे जाणारी वीज कमी-जास्त करतो. चांगल्या कंट्रोलरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. ट्रिगर पूर्ण सोडला की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर जनरेटर बनते आणि स्वतःलाच रोखते. हाच तो ब्रेक. सेटमधल्या साध्या कंट्रोलरमध्ये तो असेलच असं नाही. विकत घेण्याआधी हे विचारून घ्या.

आकार निवडा

१:३२ घ्या. साडेचार मीटरची खरी गाडी या मापात चौदा सेंटीमीटरची होते. हातात धरून स्क्रू फिरवता येईल इतकी मोठी आणि घरात ट्रॅक मावेल इतकी लहान. गाड्या, टायरं, गिअर, मोटर यांची विविधताही याच मापात सर्वांत जास्त.

बाकीचे पर्याय थोडक्यात. एचओ गाड्या सहा-सात सेंटीमीटरच्या असतात. जागा फारच कमी असेल तर त्या बऱ्या, पण त्या इतक्या झपाट्यानं पळतात की नवशिक्याला काय चुकलं ते दिसतच नाही. १:४३ चे सेट सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी छान, मात्र त्यात पुढे फारशी वाट नाही. १:२४ हे मोठ्या क्लबांचं माप. याच मापातली सपाट, पंखाच्या आकाराची विंग कार अमेरिकेतल्या १५५ फुटी ‘किंग’ ट्रॅकची फेरी दोन सेकंदांच्या आत पूर्ण करते. ते कौशल्य थक्क करणारं आहे, पण तिथे घरून थेट जायचं नसतं.

अ‍ॅनालॉग की डिजिटल? अ‍ॅनालॉगमध्ये एका लेनमध्ये एक गाडी, एका कंट्रोलरची एक लेन. डिजिटलमध्ये प्रत्येक गाडीत चिप असते, एकाच लेनमध्ये अनेक गाड्या धावतात आणि बटण दाबून लेन बदलता येते. ओव्हरटेक करण्यातली मजा खरी आहे. पण सुरुवात अ‍ॅनालॉगवर करा. त्यात बिघाड शोधणं सोपं, गाड्या स्वस्त, आणि एका कंपनीची साधी १:३२ गाडी दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅकवर सहसा चालते. डिजिटलमध्ये प्रत्येक कंपनीची चिप वेगळी, त्यामुळे तुम्ही एकाच कंपनीशी बांधले जाता. ट्रॅकचे तुकडे मात्र अ‍ॅनालॉगमध्येही एका कंपनीचे दुसऱ्याला थेट जुळत नाहीत. म्हणून ट्रॅकची कंपनी विचारपूर्वक निवडा.

त्या निवडीचा एक निकष आपल्या हवेशी संबंधित आहे. स्कॅलेक्सट्रिकचे रूळ दमट हवेत गंजतात. कॅरेराचे स्टेनलेस स्टीलचे असतात आणि जास्त टिकाव धरतात. मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यानं कॅरेराचा विचार आधी करावा. स्कॅलेक्सट्रिकची बाजू अशी की तिची वळणं आटोपशीर आहेत आणि इंग्लंडमध्ये जुना माल भरपूर मिळतो.

खरेदी

भारतात खेळण्यांच्या दुकानांत असे सेट क्वचितच दिसतात, आणि दिसतात त्यांतले बरेच बॅटरीवर चालणारे, लहान मुलांचे असतात. खोक्यावर १:३२ असं माप आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा पॉवर पॅक, या दोन्ही गोष्टी तपासा. परदेशातून कुरिअरनं मागवायचं तर आधी ड्यूटीचा अंदाज घ्या. वजनदार खोक्याचा वाहतूक खर्च धरून रक्कम बरीच फुगते. इंग्लंड किंवा जर्मनीतून सुट्टीला येणारा भाऊ, मावशी, मित्र असेल तर सर्वांत बरं. मूळ खोकं बॅगेत मावत नाही, पण ट्रॅकचे तुकडे एकावर एक रचून कपड्यांमध्ये व्यवस्थित येतात.

वीज मात्र नीट पाहा. ब्रिटन आणि युरोपातला पॉवर पॅक आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालतो. युरोपातला दोन गोल पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये जातो, ब्रिटिश प्लगला अडॅप्टर लागतो. अमेरिकेतून आणलेल्या पॅकवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो इथे लावू नका, लगेच जळेल. ‘१००-२४०’ लिहिलं असेल तर चिंता नाही.

सेटमध्ये दोन गाड्या, दोन कंट्रोलर आणि साधारण अंडाकृती किंवा इंग्रजी आठच्या आकाराचा ट्रॅक येतो. त्याच्यासोबत चार सरळ तुकडे आणि दोन मोठ्या त्रिज्येची वळणं जास्तीची घ्या. गाडी तूर्त घेऊ नका. ब्रिटनमध्ये एक चांगली गाडी साधारण ४० ते ७० पौंडांना पडते. ते पैसे टायर आणि कंट्रोलरसाठी राखा.

जुना ट्रॅक घेताना तुकड्यांच्या टोकाचे खटके तुटलेले नाहीत ना आणि रूळ काळे-तांबूस पडलेले नाहीत ना, हे प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहा. स्कॅलेक्सट्रिकचा ट्रॅक २००१ मध्ये बदलला. त्याआधीचा आणि नंतरचा एकमेकांत बसत नाहीत, मधे जोडतुकडा लागतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही.

मांडणी

प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा एक अख्खा तक्ता, म्हणजे २.४४ बाय १.२२ मीटर, हे घरगुती ट्रॅकचं उत्तम माप आहे. स्कॅलेक्सट्रिकच्या आर-२ (दोन नंबरच्या त्रिज्येच्या) वळणाचं अर्धवर्तुळ सुमारे ७४ सेंटीमीटर रुंद होतं, आर-३ चं सुमारे १०५. कॅरेराचं सर्वांत लहान वळण ७९ सेंटीमीटरचं. म्हणजे एका तक्त्यावर एका टोकाला मोठं वळण, दुसऱ्या टोकाला लहान, आणि मधे एखादी नागमोड सहज बसते. तक्ता पलंगाखाली सरकवता येतो किंवा भिंतीला उभा टेकवता येतो.

जमिनीवर मांडायचं तर फरशीवर मांडा, गालिच्यावर नको. गालिच्याचे धागे आणि केस अ‍ॅक्सलला गुंडाळतात आणि मोटर तापते. पण फरशीवरही धूळ आहेच. शक्य असेल तर टेबलाची उंची गाठा. गुडघ्यांवर बसून वळणाचा अंदाज येत नाही.

आराखडा करताना मोह आवरा. पूल, चढ, अरुंद वळणांची माळ कागदावर छान दिसते, पण चालवताना कंटाळा येतो. मला विचाराल तर एक लांब सरळ वाट, तिच्या शेवटी जोरदार ब्रेक मागणारं घट्ट वळण, एक मोठ्या त्रिज्येचं वेगवान वळण आणि एक नागमोड, एवढ्यावर उत्तम ट्रॅक होतो. आतली लेन नेहमी लहान असते. डावी आणि उजवी वळणं जुळवून किंवा लेन एकमेकींना ओलांडणारा तुकडा घालून तो फरक कमी करा.

वळणांच्या बाहेर आठ-दहा सेंटीमीटर जागा हवी. गाडीची शेपूट घसरते तेव्हा मागची चाकं ट्रॅकबाहेर जातात. तिथे आधार नसेल तर गाडी पडते. कंपन्या यासाठी किनारीचे तुकडे विकतात. ट्रॅकच्याच जाडीच्या फोमशीटची पट्टी कापून लावली तरी तितकंच चांगलं काम होतं.

तुकडे जोडल्यावर गाडी अगदी हळू फिरवून पाहा. ठरावीक ठिकाणी अडखळत असेल तर तिथला सांधा सैल आहे. ट्रॅक लांब असेल तर दूरच्या भागात गाडी मंदावते, कारण प्रत्येक सांध्यावर थोडे व्होल्ट गळतात. मल्टिमीटरनं मोजा. उपाय म्हणजे पॉवर पॅकजवळच्या रुळापासून दूरच्या त्याच रुळापर्यंत जाड तार टाकणं. लेन तीच, रूळ तोच, याची दोनदा खात्री करा, नाहीतर शॉर्ट सर्किट होईल.

चालवायला शिका

पहिला आठवडा एकट्यानं, एकाच लेनमध्ये, एकाच गाडीवर घालवा. समोर दुसरी गाडी असली की नजर तिच्याकडे जाते आणि आपली गाडी उडते.

सुरुवातीला गाडी न पडता सलग वीस फेऱ्या हे लक्ष्य ठेवा. वेग कितीही कमी असो. हे जमलं की मास्किंग टेपचा छोटा तुकडा घ्या आणि सरळ वाटेवर जिथे तुम्ही ट्रिगर सोडता त्या जागी ट्रॅकच्या कडेला चिकटवा. दहा फेऱ्या त्याच खुणेवर सोडा. मग खूण वळणाच्या दिशेनं दोन सेंटीमीटर पुढे न्या, पुन्हा दहा फेऱ्या. गाडी पडायला लागली की खूण एक पाऊल मागे घ्या. ती तुमची ब्रेकची जागा. प्रत्येक वळणासाठी हे करा. वेळखाऊ वाटतं, पण हात जितक्या लवकर या पद्धतीनं तयार होतो तितका कशानंच होत नाही.

ब्रेक सरळ रेषेत लावायचा, वळणात शिरल्यावर नाही. वळणाच्या मध्यावर ट्रिगर किंचित दाबलेला ठेवायचा, कारण मागच्या चाकांना थोडा जोर मिळाला की गाडी स्थिर राहते. नाक सरळ दिशेला आलं की बोट हळूहळू पूर्ण आत. झटका दिला तर शेपूट फिरते. वळणात हळू शिरलेली गाडी आधी जोर धरू शकते आणि पुढची अख्खी सरळ वाट जास्त वेगानं कापते. घाईनं शिरलेली गाडी पलीकडच्या तोंडापर्यंत स्वतःला सावरत बसते.

फोनच्या स्टॉपवॉचवर दहा फेऱ्यांचा एकत्र वेळ मोजा. एक सर्वांत वेगवान फेरी काही सांगत नाही. शर्यती सातत्यावर जिंकल्या जातात. एकदा गाडी पडली की पाच-सहा सेकंद जातात, आणि तेवढं अंतर फेरीमागे दशांश सेकंद वाचवून भरून काढायला पन्नास-साठ फेऱ्या लागतात.

आता चुंबक काढा

सेटमधल्या गाडीखाली मागच्या बाजूला एक चपटं चुंबक असतं. ते रुळांतल्या लोखंडाकडे ओढलं जातं आणि गाडी ट्रॅकला चिकटून राहते. लहान मुलांसाठी ही सोय उत्तम आहे. पण चुंबकाची गाडी वळणात घसरत नाही. ती चिकटते, चिकटते आणि मग एकदम उडते. पूर्वसूचना नाही, म्हणून सुधारण्याची संधीही नाही. चुंबक काढलेली गाडी मात्र बोलते. शेपूट आधी जरा सरकते, मग आणखी सरकते, आणि तुम्ही ट्रिगर अर्धा सोडून तिला परत आणू शकता. घसरणाऱ्या गाडीला बोटाच्या टोकानं सावरणं हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे, असं मी मनापासून मानतो.

चुंबक स्क्रूनं किंवा खटक्यानं बसवलेलं असतं. पातळ स्क्रूड्रायव्हरनं अलगद काढा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. गिळलं गेलं तर ते घातक ठरतं. पहिल्या दिवशी गाडी बर्फावर असल्यासारखी वाटेल. घाबरू नका, व्होल्ट कमी करा. ९-१० व्होल्टवर चुंबकाविना गाडी चालवायला अतिशय सुंदर लागते. सेटचा पॉवर पॅक व्होल्ट बदलू देत नसेल तर व्होल्ट कमी-जास्त करता येणारा डीसी पॉवर सप्लाय घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ०-३० व्होल्ट, ५ अँपिअरचा बेंच सप्लाय मिळतो. काटा १२ च्या पुढे नेण्याची गरज नाही. त्याच्या आतलं, मेनलाइनच्या बाजूचं काहीही उघडू नका.

गाडी जुळवा

इथे घाई करू नका. चुंबक गाडीचे सगळे दोष झाकतं. ते काढलं की प्रत्येक दोष वळणावर दिसतो. क्रम असा ठेवा, आणि एका वेळी एकच बदल करून दहा फेऱ्यांचा वेळ मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

सर्वांत आधी मागची टायरं. साच्यातून आलेलं टायर पूर्ण गोल नसतं आणि रिमवर सैल असतं. ते काढा, रिमला थोडा गोंद लावा, टायर परत बसवा आणि रात्रभर सुकू द्या. मग सपाट पाटीवर ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, गाडीच्या पट्ट्यांना तारेनं ४-५ व्होल्ट द्या आणि फिरती मागची चाकं कागदावर अगदी हलक्या हातानं टेकवा. दाब देऊ नका, गाडीचं वजनच पुरे. टायर सगळीकडून एकसारखं मंद दिसू लागलं की थांबा. या एका कामानं गाडी इतकी बदलते की ती तीच आहे यावर विश्वास बसत नाही. पुढे प्लास्टिकच्या ट्रॅकवर चुंबकाविना चालवायला युरेथेनची टायरं घ्यावीत. सिलिकॉनची टायरं स्वच्छ ट्रॅकवर घट्ट पकडतात, पण त्यांच्या मागे रबरी टायरांची पकड बिघडते. बऱ्याच क्लबांत त्यांना मनाई आहे.

मग गाइड, म्हणजे नाकाखालचं पातं, आणि त्याच्या तांब्याच्या पट्ट्या. पट्ट्या टोकाला किंचित खाली वाकलेल्या हव्यात, रुळाला नुसत्या टेकाव्यात. जास्त वाकवल्या तर त्या गाडीचं नाक उचलतात, पातं खाचेतून वर येतं आणि गाडी निसटते. ट्रॅकच्या सपाट तुकड्यावर गाडी खाचेत बसवून बाजूनं पाहा. पुढची चाकं ट्रॅकला जेमतेम टेकत असावीत, भार पात्यावर हवा.

बॉडी आणि चेसिस जोडणारे स्क्रू पूर्ण आवळा आणि मग अर्धा फेरा सैल करा. बॉडी किंचित हलली पाहिजे. तिचं हेलकावणं चेसिसपर्यंत पोचत नाही आणि मागची चाकं जमिनीला धरून राहतात.

अ‍ॅक्सल बोटानं फिरवा. कुठे अडतो का, चाक लचकतं का? बेअरिंगच्या जागी शिलाई मशिनच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, गिअरला कणभर ग्रीस. टायरवर तेल गेलं तर सगळी मेहनत वाया. नवी मोटर असेल तर ३-४ व्होल्टवर अर्धा तास नुसती फिरवा, आतले ब्रश नीट बसतात.

शेवटी वजन. १:३२ ची जीटी गाडी साधारण ७५ ते ९० ग्रॅमची असते. चुंबक गेल्यावर पाच-दहा ग्रॅम वजन चेसिसवर, शक्य तितकं खाली आणि मधोमध लावून पाहा. नाक खाचेतून सुटत असेल तर थोडं गाइडच्या मागे सरकवा. परदेशात शिशाच्या पट्ट्या वापरतात. शिसं विषारी आहे, घरात मुलं असतील तर पितळेची पट्टी कापून लावा.

गिअरचं गणित मोठ्या चाकाचे दात भागिले मोटरवरच्या पिनियनचे दात. २७ आणि ९ म्हणजे ३. आकडा लहान तर टोकाचा वेग जास्त, मोठा तर उचल आणि ब्रेक चांगला. घरच्या आखूड ट्रॅकवर मोठा आकडा बरा. पण गिअर बदलायची वेळ बाकी सगळं जमल्यावरच येते, आणि तोवर बहुधा तुम्ही इटलीतल्या स्लॉट.इट, एनएसआर किंवा थंडरस्लॉटची एखादी शर्यतीची गाडी हाती घेतलेली असेल. त्यांचा प्रत्येक भाग सुटा मिळतो.

देखभाल फार नाही. खेळायच्या आधी रूळ कोरड्या सुती फडक्यानं पुसा, टायरं चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर फिरवून घ्या. पावसाळ्यात ट्रॅक सुटा करून बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रूळ गंजले तर मऊ खोडरबरानं घासा, पॉलिश पेपरनं घासू नका. त्यानं वरचा मुलामा जातो आणि पुढचा गंज लवकर येतो.

कंट्रोलर

गाडी घेण्याआधी चांगला कंट्रोलर घ्या. साधा कंट्रोलर रोधकाचा असतो आणि त्याचे ओहम मोटरला जुळावे लागतात: शांत मोटरला ४५ ते ६०, चपळ मोटरला त्याहून कमी. ओहम चुकले की ट्रिगरच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्येच सगळा वेग येतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर हे ओझं उतरवतो. त्यात ट्रिगरची संवेदना आणि ब्रेकचा जोर बटणानं ठरवता येतो, त्यामुळे एकच कंट्रोलर सगळ्या गाड्यांना पुरतो. किमतीनं तो गाडीपेक्षा महाग असतो, पण गाड्या बदलत राहतात आणि तो वर्षानुवर्षं हातात राहतो.

घरची शर्यत

दोघांची शर्यत पाच मिनिटांची, मग लेन बदलून पुन्हा पाच मिनिटं, आणि दोन्हींच्या फेऱ्यांची बेरीज. प्रत्येकानं प्रत्येक लेनवर सारखा वेळ चालवणं हाच स्लॉट रेसिंगमधला न्याय, क्लबातही हेच चालतं. तिसरा माणूस असेल तर त्याला वळणावर उभा करा. पडलेली गाडी उचलून परत त्याच लेनमध्ये ठेवायचं काम त्याचं, आणि ते काम शर्यतीइतकंच मानाचं. मुलं आणि मोठे एकत्र खेळत असतील तर मुलांच्या गाडीत चुंबक राहू द्या, मोठ्यांच्या गाडीतलं काढा. बरोबरीची लढत होते.

लाकडी ट्रॅक

वर्षभरानं मन भरलं नसेल तर लाकडी ट्रॅक हा पुढचा टप्पा. आपल्याकडे हे परदेशापेक्षा सोपं आहे, कारण राउटर चालवणारा सुतार जवळपास कुठेही सापडतो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ घ्या. खाच ३ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर खोल. एकदम खोल कापू नका, ३ मिलिमीटरचं पातळ बिट तुटतं. दोन-तीन थरांत कापा. वळणं कंपासनं आखण्यापेक्षा लवचीक पट्टी खिळ्यांच्या आधारानं वाकवून तिच्या कडेनं राउटर चालवा, रेषा जास्त वाहती येते. लेनमध्ये नऊ-दहा सेंटीमीटरचं अंतर, कडेला दहा.

एमडीएफ पावसाळ्यात फुगतो आणि खाच आवळते. म्हणून वर, खाली, कडांना आणि खाचेच्या आतही प्रायमर मारलाच पाहिजे. वर मॅट रंग. मग खाचेच्या दोन्ही बाजूंना चिकट तांब्याची पट्टी लावा आणि जिथे दोन पट्ट्या मिळतात तिथे सोल्डर करा. तांब्याला चुंबक ओढलं जात नाही, त्यामुळे इथे चुंबकाचा प्रश्नच मिटतो. आतापर्यंत चुंबकाविना शिकलेला हात या ट्रॅकवर पहिल्याच दिवशी रुळतो.

क्लबात जाताना

परदेशातल्या मराठी वाचकांना माझं आग्रहाचं सांगणं, तुमच्या गावाजवळचा क्लब शोधा. ब्रिटनमध्ये अनेक क्लब गावाच्या सभागृहात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. ब्रिटिश स्लॉट कार रेसिंग असोसिएशन तिथल्या शर्यतींचे नियम पाहते. जुन्या गाड्या जमवण्यात रस असेल तर नॅशनल स्कॅलेक्सट्रिक कलेक्टर्स क्लब आहे. जागतिक पातळीवर १:२४ गाड्यांची अजिंक्यपद स्पर्धा इस्रा ही आंतरराष्ट्रीय स्लॉट रेसिंग संघटना भरवते.

पहिल्या संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी पाहुण्याला क्लबची गाडी आणि कंट्रोलर देतात. आधी वळणावर उभं राहून गाड्या उचलायचं काम मागून घ्या. कोण कुठे ट्रिगर सोडतो ते तिथून सर्वांत स्पष्ट दिसतं. गाडी उचलताना दुसऱ्याच्या लेनवर हात आडवा धरू नका. जुन्या सभासदाला चार गोष्टी विचारा: चुंबक चालतं का, टायर कोणती, कंट्रोलरचा प्लग कोणता, आणि नवशिक्यांसाठी कोणता गट. ही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि त्यानंतरच पहिली शर्यतीची गाडी मागवा.